गरिबांसाठीच्या योजनांत कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे

गरिबांसाठीच्या सरकारी योजनांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ती थोड्याच वेळात एका मुद्द्यापाशी येऊन थांबते: योजनेचा फायदा भलतेच लोक घेतात, तेव्हा आधी यादी स्वच्छ करा. मंत्र्यांच्या निवेदनांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि घरातल्या गप्पांतही सुधारणा म्हणजे यादीतली नावे कमी करणे, असे गृहीत धरलेले असते. ही मागणी गैर नाही, कारण पैसा सार्वजनिक आहे आणि तो जपून खर्च व्हायला हवा. मात्र ती अर्धीच मागणी आहे, आणि उरलेला अर्धा भाग समजून घेतल्याशिवाय रेशन, रोजगार हमी, निराधारांचे अनुदान किंवा लाडकी बहीण यांपैकी कोणत्याही योजनेतला बदल चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

लाभार्थी निवडताना दोन प्रकारच्या चुका होतात. ज्याला गरज नाही त्याचे नाव यादीत येते, ही समावेशाची चूक. ज्याला गरज आहे त्याचे नाव यादीत येत नाही किंवा आलेले नाव कापले जाते, ही वगळण्याची चूक. या दोन चुका एकमेकींशी बांधलेल्या आहेत. अट कडक केली, कागद वाढवले, पडताळणी पुन्हा पुन्हा केली की पहिली चूक कमी होते, पण त्याच अटींमुळे दुसरी वाढते, कारण कागद गोळा करण्याची, तालुक्याला खेटे घालण्याची आणि त्यासाठी मजुरी बुडवण्याची ऐपत सर्वांत कमी असते ती सर्वांत गरीब माणसाचीच. अट सैल केली की याच्या उलट घडते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणे कोणत्याही सरकारला जमलेले नाही, त्यामुळे कोणती चूक किती सोसायची हे ठरवावेच लागते.

माझे म्हणणे असे आहे की आपण हा निर्णय नकळत, आणि जवळजवळ नेहमी गरिबाच्या विरुद्ध, घेत आलो आहोत. याचे कारण दुष्टपणा नाही. अपात्र लाभार्थी यादीत असतो, त्यामुळे तो कार्यालयात बसून शोधता येतो, त्याचा आकडा जाहीर करता येतो आणि वाचलेल्या पैशांचा हिशेबही मांडता येतो. वगळलेला माणूस कोणत्याच यादीत नसतो. त्याला शोधायचे तर वाडीवस्तीवर, पालांवर, ऊसतोड कामगारांच्या कोपींवर जावे लागते, आणि तसे जाण्याची जबाबदारी कोणत्याही खात्याच्या कामाच्या मोजमापात धरलेली नसते. शिवाय दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. पहिल्या चुकीत सरकारचे काही रुपये वाया जातात, तर दुसऱ्या चुकीत एखाद्या घरातले महिन्याचे धान्य किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे औषध बंद होते.

उत्पन्न मोजायचे कसे?

गरीब कोण हे ठरवणे अवघड आहे, कारण आपल्या देशातल्या बहुसंख्य कामगारांना पगाराची पावती मिळत नाही. शेतमजूर, गवंडी, घरकाम करणारी बाई, हमाल, कोरडवाहू शेतकरी यांचे वर्षाचे उत्पन्न त्यांनाही नेमके सांगता येत नाही, मग ते तलाठ्याला कसे कळणार? तरीही जवळजवळ प्रत्येक योजनेचे दार उत्पन्नाच्या दाखल्यानेच उघडते. परिणामी दाखल्यावरचा आकडा बहुतेकदा उत्पन्नाऐवजी योजनेची मर्यादा पाहून ठरतो, हे गावागावांत सगळ्यांना ठाऊक असते. ज्याची ओळख आहे त्याला हवा तो आकडा मिळतो आणि ज्याने खरे सांगितले तो मर्यादेच्या वर जाऊन बाहेर पडतो.

दाखल्याऐवजी सर्वेक्षण करून पाहण्याचाही प्रयत्न झाला. २००२ मध्ये केंद्राने ग्रामीण कुटुंबांसाठी जे दारिद्र्यरेषा सर्वेक्षण आखले त्यात जमीन, घर, कपडे, जेवण, शौचालय, शिक्षण, कर्ज, स्थलांतर अशा १३ बाबींवर प्रत्येकी शून्य ते चार गुण द्यायचे होते. म्हणजे एका कुटुंबाची गरिबी ५२ पैकी गुणांत मोजायची, आणि वर प्रत्येक राज्यात जास्तीत जास्त किती कुटुंबे गरीब ठरू शकतात याची मर्यादा आधीच बांधलेली. त्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या नमुना सर्वेक्षणांतून दिसले ते असे की ग्रामीण भागातल्या गरीब कुटुंबांपैकी जवळपास निम्म्या कुटुंबांकडे दारिद्र्यरेषेखालचे कार्डच नव्हते, आणि बऱ्याच सुस्थितीतल्या घरांत मात्र ते होते. रेशन व्यवस्था १९९७ मध्ये सर्वांसाठीची न राहता गरीब आणि बिगरगरीब अशी विभागली गेली होती, त्यामुळे या चुकीचा फटका थेट ताटाला बसला.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे बरेच सुधारले. ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क नेण्याचे उद्दिष्ट ठेवल्यामुळे गरीब अगदी बारकाईने निवडण्याची गरज कमी झाली, आणि जाळे मोठे झाल्याने वगळले जाणारेही कमी झाले. महाराष्ट्रात हा कायदा फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या कायद्याखाली स्वस्त धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये ठरली, आणि राज्याच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटा आला. हा कोटा २०११ च्या जनगणनेवर आधारलेला आहे. त्यानंतर जन्मलेली मुले, नव्याने वेगळी झालेली कुटुंबे, कामासाठी शहरात येऊन स्थिरावलेले लोक यांना जागा मिळते ती कोणाचे तरी नाव कमी झाल्यावर. पात्र असूनही केवळ कोटा भरल्यामुळे थांबलेल्या कुटुंबाचा दोष काय, याचे उत्तर पुरवठा कार्यालयातल्या कर्मचाऱ्याकडेही नसते.

गोठवलेले आकडे

नाव कापल्याचा गाजावाजा तरी होतो. आकडा तसाच ठेवून माणसे वगळली गेली तर ते कोणाला कळतही नाही. १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हे त्याचे अत्यंत बोलके उदाहरण आहे. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले अशा लोकांसाठी ही योजना आहे आणि तिचे अनुदान २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाले. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे २१ हजार रुपयांवरच राहिली, फक्त दिव्यांगांसाठी ती ५० हजार रुपये आहे.

या २१ हजारांचा अर्थ एका साध्या हिशेबाने समजतो. २०२५-२६ साठी केंद्राने महाराष्ट्रात रोजगार हमीची दररोजची मजुरी ३१२ रुपये ठरवली. कुटुंबातल्या एका माणसाने कायद्याने हमी दिलेले १०० दिवस काम केले तर त्याची मजुरी ३१,२०० रुपये होते. म्हणजे सरकारच्याच कामावर, सरकारनेच ठरवलेल्या दराने राबलेले कुटुंब सरकारच्याच दुसऱ्या योजनेत निराधार ठरत नाही. ६८ दिवस कामाला गेले तरी मर्यादा ओलांडली जाते. ही अट पाळून पात्र ठरणारे कुटुंब प्रत्यक्षात कसे जगत असेल याची कल्पनाही करवत नाही, म्हणूनच अट पाळली जात नाही, दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा पडतो, आणि एका निराधार बाईला मदत मिळण्यासाठी खोट्या कागदाचा आधार घ्यावा लागतो. मग पुढच्या पडताळणीत तिला अपात्र म्हणायलाही हाच कागद पुरतो. या योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्याची अटही आहे, जिच्यामुळे पोट भरायला फिरणारी कुटुंबे आणखी मागे पडतात.

रकमेचेही तेच. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे आणि २००७ मध्ये योजनेला आजचे नाव मिळाले तेव्हाही तो तेवढाच होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तेव्हाही हाच प्रश्न होता. धान्य हवे की रोख, यावर दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत. रोख रकमेत निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि दुकानदाराच्या मापातून सुटका आहे. पण भाव कितीही चढले तरी ५ किलो धान्य ५ किलोच राहते, आणि रोख रक्कम वाढवायची तर दर वेळी नवा शासन निर्णय काढावा लागतो.

ज्याला गरज आहे तो स्वतःच येईल

गरीब शोधण्याच्या या सगळ्या खटाटोपातून बाहेर पडण्याचा एक मार्ग महाराष्ट्राने देशाला दाखवला, आणि त्याबद्दल मला अभिमान वाटतो. गांधीवादी नेते वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ग्रामीण मजुरांना काम पुरवण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक दुष्काळी कामांवर आले. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगारपत्रकात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयांची जी कपात दिसते तिचे मूळ इथे आहे.

या योजनेत उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला काम द्यायचे, एवढाच नियम. मे महिन्याच्या उन्हात पाझर तलावाची माती उपसायला सुखवस्तू माणूस येत नाही, त्यामुळे गरजू लोक आपोआप निवडले जातात. अर्थशास्त्रात याला स्वनिवड म्हणतात. २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा याच पायावर उभा राहिला: कुटुंबाला वर्षात १०० दिवस काम, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, स्त्रियांचा किमान एक तृतीयांश वाटा, कंत्राटदाराला मज्जाव आणि ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची आणि खर्चाची गावाने केलेली तपासणी. १०० दिवसांनंतरचे काम महाराष्ट्र स्वतःच्या खर्चाने देत आला.

स्वनिवडीला मर्यादा आहेतच. ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद नाही त्याला ती काही देत नाही, म्हणून वृद्ध, आजारी आणि दिव्यांगांसाठी निवृत्तिवेतनाची वेगळी व्यवस्था अपरिहार्य ठरते. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे: मागेल त्याला काम द्यायचे तर तिजोरी मागणीप्रमाणे उघडी ठेवावी लागते. १९८८ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली, तेव्हा कामाचे दिवस वाढण्याऐवजी घटले. मजुरांना काम नको होते असे नव्हे. खर्च वाढू लागल्यावर कामे सुरू करण्यातच हात आखडता घेतला गेला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. हमी कागदावर होती तशीच राहिली आणि वगळण्याची चूक मागच्या दाराने आत आली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्राच्या रोजगार हमीच्या जागी जो नवा कायदा संमत केला त्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. त्यात दिवसांची संख्या १०० वरून १२५ केली आहे, ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र आधी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्र उचलत असे, तिथे आता बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. प्रत्येक राज्यासाठी केंद्र निधीचे प्रमाण ठरवून देणार आहे, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवस कामे थांबवण्याची तरतूदही आहे. समर्थकांचे म्हणणे असे की राज्यांनी स्वतःचे पैसे घातले तर ती अधिक जबाबदारीने खर्च करतील आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला मजूर मिळतील. यातला पहिला मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. पण निधीला आधीच कुंपण घातले की मागणीवर चालणारी योजना तरतुदीवर चालणारी होते, आणि मग कोणाला काम द्यायचे हे पुन्हा कोणीतरी निवडू लागते. ज्या राज्याची तिजोरी कमकुवत त्याच राज्यात गरीब जास्त, त्यामुळे ४० टक्के वाट्याचे ओझेही सगळीकडे सारखे पडणार नाही.

यंत्राची पडताळणी

गेल्या दशकातल्या बहुतेक सुधारणा तंत्रज्ञानाच्या आहेत. रेशन दुकानात अंगठ्याचा ठसा, रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून मोबाइल ॲपवर फोटोसह हजेरी, १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी. यातून मधले हात कमी झाले, बनावट नावे निघाली, आणि ज्यांचे कागद नीट आहेत त्यांना पैसे थेट खात्यात मिळू लागले, हे मान्य करायलाच हवे. अडचण आहे ती कागद नीट नसलेल्यांची. जॉब कार्डावर एक आणि आधारवर दुसरे असे नाव, माती-सिमेंटने झिजलेली बोटे, डोंगराळ पाड्यावर न मिळणारी रेंज, यांतली कोणतीही गोष्ट माणसाला अपात्र ठरवत नाही, पण पैसे मात्र थांबवते.

या संदर्भात झारखंडमधला एक अभ्यास प्रत्येक धोरणकर्त्याने समोर ठेवावा असा आहे. तिथे २०१६ ते २०१८ या काळात, नमुन्यासाठी निवडलेल्या १० जिल्ह्यांत, सुमारे १ लाख ४४ हजार रेशन कार्डे रद्द झाली होती. रद्द झालेल्या कार्डांचा शोध घेतल्यावर त्यांतली जवळपास ९० टक्के कार्डे खऱ्या, अस्तित्वात असलेल्या कुटुंबांची निघाली. सरकारी भाषेत ही सगळी बोगस कार्डे होती आणि ती रद्द करणे ही बचत होती. आपल्याकडे ‘इतके लाख अपात्र काढले’ असा आकडा जाहीर होतो तेव्हा त्यांपैकी किती घरी जाऊन कोणी पाहिले, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

लाडकी बहीण योजनेत तर दोन्ही चुका पाठोपाठ पाहायला मिळाल्या. २०२४ च्या जुलैपासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कुटुंब उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिना १,५०० रुपये सुरू झाले. पिवळे किंवा केशरी कार्ड असले की उत्पन्नाचा दाखला लागणार नव्हता, ही अट सोपी आणि चांगली होती, आणि म्हणूनच सुमारे अडीच कोटी स्त्रियांपर्यंत योजना थोड्या महिन्यांत पोहोचली. विधानसभा निवडणूक झाल्यानंतर पडताळणी सुरू झाली, आणि २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सांगण्यात आले. त्यांत चुकीने लाभ घेणारे होते यात शंका नाही. पण पुढे ई-केवायसीसाठी पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले, तेव्हा विधवा, घटस्फोटित आणि एकट्या राहणाऱ्या कित्येक जणी अडल्या, आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय व मुदतवाढ करावी लागली. नियम आखताना ज्या स्त्रीचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा होता ती सर्वांत शेवटी आठवली.

अडीच लाख आणि २१ हजार हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही योजना एकाच राज्याच्या, रक्कम त्या वेळी एकच, आणि निराधार योजनेतून १,५०० रुपये घेणाऱ्या स्त्रीला लाडकी बहीणचा लाभ नाही. म्हणजे नवरा नसलेल्या बाईला निराधार म्हणून मदत मागताना बारा पट कडक अटीला सामोरे जावे लागते. यात कोणतेही आर्थिक तत्त्व नाही, दोन वेगवेगळ्या काळांत दोन वेगवेगळ्या खात्यांनी घेतलेल्या निर्णयांचा हा परिणाम आहे, आणि मला ही राज्याच्या सगळ्या सामाजिक सुरक्षेतली सर्वांत मोठी विसंगती वाटते.

खर्चाचा आक्षेप गंभीर आहे. लाडकी बहीणचा वार्षिक खर्च सुरुवातीला ४६ हजार कोटी रुपये धरला होता आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. इतका पैसा एका योजनेत गेला की शाळा, दवाखाने, अंगणवाड्या यांच्या वाट्याला कमी येणार, हे म्हणणे खोटे नाही. तमिळनाडूप्रमाणे कार्डधारकाची ऐपत न पाहता सर्वांना रेशन देणे प्रत्येक राज्याला परवडेलच असे नाही. म्हणून मधला मार्ग मला अधिक पटतो: गरीब कोण हे शोधण्याऐवजी गरीब नक्की कोण नाही एवढेच ठरवावे. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकरीत असणारे, मोठ्या बागायती जमिनीचे मालक यांची नावे नोंदींतून सहज कळतात. ती वगळावीत आणि बाकी सर्वांना पात्र मानावे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात काही कुटुंबे आपोआप बाहेर आणि बेघर, वेठबिगारीतून मुक्त झालेले, आदिम जमातीचे अशी काही आपोआप आत, अशी रचना होतीच.

याला जोडून काही गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. उत्पन्नाच्या मर्यादा आणि अनुदानाच्या रकमा महागाई निर्देशांकाला बांधल्या तर त्या आपोआप वाढत राहतील. नाव कापण्यापूर्वी लेखी नोटीस, घरी प्रत्यक्ष भेट आणि ग्रामसभेत वाचन सक्तीचे केले तर मेलेला दाखवलेला माणूस तिथेच उभा राहून सांगू शकेल की मी आहे. आणि ज्या तहसील कार्यालयाकडून किती अपात्र शोधले याचा अहवाल मागवला जातो, त्याच कार्यालयाकडून किती अर्ज नाकारले, किती प्रलंबित आहेत आणि वगळलेल्यांपैकी किती जण पुन्हा पात्र ठरले याचाही अहवाल मागवावा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की महाराष्ट्राचा ७ कोटींचा कोटा नव्याने मोजण्याची मागणी राज्याला केंद्राकडे करता येईल. त्या वेळी यादी लहान करण्याचा दबाव येईल, कारण गरिबी कमी झाली असे सांगणारे अंदाजही समोर असतील. तोपर्यंत कोटा भरला म्हणून थांबलेल्या कुटुंबांची प्रत्येक तालुक्याची मोजदाद तयार ठेवली, तर राज्याच्या हातात त्या चर्चेसाठी स्वतःचा आकडा असेल.